अर्धायुष्याचा हिशेब

काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एका भगिनीच्या गळ्यातील थायरॉइड ग्रंथीला कर्करोग झाला. शस्त्रक्रिया यथासांग पार पडली आणि त्यानंतर डॉक्टरांनी तिला किरणोत्सारी आयोडीन द्यावयाचे ठरविले. तिला भेटावयास आम्ही मुंबईच्या रुग्णालयात गेलो, तेव्हा परिचारिकेने आम्हांला खोलीच्या दारातच थांबविले. "फादर, इथूनच बोला, आणि पाच मिनिटांत आटपा," असे ती म्हणाली. पंचवीसएक वर्षे आम्ही रुग्णांच्या उशाशी बसत आलो आहोत. त्यांच्या मस्तकावर हात ठेवल्यावाचून उठलो, असे क्वचितच घडले असेल. त्या दिवशी दाराच्या चौकटीत उभे राहूनच आम्ही प्रार्थना म्हटली. ती भगिनी मात्र प्रसन्न होती. "फादर, माझ्या अंगातून उजेड येतोय का बघा," असे म्हणून ती हसली.

चार दिवसांनी ती घरी आली. लहान मुलाला काही दिवस जवळ घेऊ नये, असे डॉक्टरांनी सांगितले होते, ते तिने कसोशीने पाळले. परंतु तिच्या सासूबाईंनी तिचे ताट, तांब्या, अंथरूण वेगळे केले ते कित्येक महिने वेगळेच राहिले. त्या वाईट स्वभावाच्या नाहीत. सुनेच्या आजारपणात त्यांनीच सारे घर सांभाळले. एकदा रविवारच्या मिस्सानंतर त्यांनी आम्हांला बाजूला घेऊन विचारले, "फादर, तुम्ही शिकलेले आहात. तिच्या अंगातलं ते पूर्ण कधी जाणार?"

प्रश्न साधा होता. पण आम्ही अडखळलो. कारण शास्त्राच्या भाषेत या प्रश्नातील 'पूर्ण' हा शब्दच बसत नाही. आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य आठ दिवसांचे. आज जितके आहे त्याच्या निम्मे आठ दिवसांनी उरते, त्याच्या निम्मे आणखी आठ दिवसांनी. दहा वेळा निम्मे झाले म्हणजे मूळच्या सुमारे एक हजारांशापर्यंत ते येते. म्हणजे ऐंशी दिवस. शरीर त्यातील बरेचसे त्याआधीच बाहेर टाकीत असल्यामुळे प्रत्यक्षात त्याहूनही लवकर. मावशींना आम्ही म्हणालो, "मावशी, ते केव्हाच गेले. तिचे ताट आता तुमच्या ताटाशेजारी ठेवा." त्यांनी मान हलविली. ताट कधी हलले, ते आम्ही विचारले नाही.

त्या दिवसापासून हा विषय आमच्या मनात घोळत आहे. आम्ही भौतिकशास्त्राचे अभ्यासक नव्हे; सेमिनरीत तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान यांतच आमची वर्षे गेली. परंतु किरणोत्साराविषयी थोडेफार वाचल्यावर असे वाटू लागले, की येथे एक नैतिक प्रश्न दडलेला आहे आणि तो आमच्या जुन्या पाठ्यपुस्तकांतील प्रश्नांहून फारसा निराळा नाही.

'समस्थानिक' हा आपला शब्द मोठा अर्थवाही आहे. १९१३ साली फ्रेडरिक सॉडी या रसायनशास्त्रज्ञाने 'आयसोटोप' हे नाव रूढ केले. ते त्याला मार्गारेट टॉड या स्कॉटिश डॉक्टर स्त्रीने सुचविले होते. मूळ ग्रीक अर्थ 'एकच स्थान'. मूलद्रव्यांच्या कोष्टकात एकाच घरात बसणारे, रासायनिक वागणुकीने सारखे, परंतु अणुकेंद्रातील न्यूट्रॉनांच्या संख्येने भिन्न असे हे भाऊ. त्यांतील काही स्थिर असतात, तर काही आपल्या केंद्रातील अस्वस्थता किरणांच्या रूपाने बाहेर टाकून निराळेच मूलद्रव्य होतात. गळ्यातील ग्रंथी साधे आयोडीन आणि किरणोत्सारी आयोडीन यांत फरक करू शकत नाही. दोहोंनाही ती आपलेच म्हणून आत घेते. त्या भगिनीचा उपचार या अभेदावरच आधारलेला होता. आणि धोकाही तेथूनच उपजतो. स्ट्रॉन्शियम कॅल्शियमसारखे म्हणून हाडांत जाते आणि सीझियम पोटॅशियमसारखे म्हणून स्नायूंत. देहाला पाहुण्याची पारख नसते.

याच गुणाचा पहिला चतुर उपयोग करणारा जॉर्ज हेवेसी हा हंगेरियन शास्त्रज्ञ १९११ च्या सुमारास मँचेस्टरला एका खानावळीत राहत असे. घरमालकीण ताटात उरलेले मांस पुढच्या जेवणात पुन्हा वाढते, असा त्याला संशय होता. त्याने उरलेल्या घासात किंचित किरणोत्सारी द्रव्य मिसळले आणि काही दिवसांनी वाढलेल्या पदार्थाजवळ आपले उपकरण धरले. चोरी सापडली! पुढे याच मार्गशोधक पद्धतीसाठी त्याला १९४३ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. ही गोष्ट विज्ञानाच्या पुस्तकांत विनोद म्हणून सांगितली जाते आणि वाचताना आम्हीही हसलो. परंतु त्याच ताटातून इतर भाडेकरूही जेवत असतील, ही गोष्ट आम्हांला नंतर सुचली. द्रव्य अत्यल्प होते हे खरे. तरी दुसऱ्याच्या अन्नात त्याच्या नकळत काही घालताना आपल्याला सत्य शोधावयाचे आहे, एवढे कारण पुरते काय?

आता ऱ्हासाच्या नियमाकडे वळू. १९०२ साली माँट्रियल येथे रदरफर्ड आणि सॉडी यांनी दाखविले, की किरणोत्सार म्हणजे एका मूलद्रव्याचे दुसऱ्यात रूपांतर होय. हे रूपांतर विलक्षण नियमबद्ध आहे. अब्जावधी अणूंतील निम्मे किती काळात जातील, ते अचूक सांगता येते. मात्र त्यांतील एखादा विशिष्ट अणू केव्हा जाईल, ते कोणालाही सांगता येत नाही. तो पुढच्या क्षणी जाईल अथवा शंभर वर्षे तसाच राहील. त्याहून चमत्कारिक गोष्ट अशी, की अणू म्हातारा होत नाही. शंभर वर्षे टिकलेल्या सीझियमच्या अणूची पुढील तीस वर्षे टिकण्याची शक्यता नव्याने जन्मलेल्या अणूइतकीच असते. गेलेल्या काळाची त्याच्यावर कोणतीही खूण उमटत नाही. त्याला स्मृती नाही.

मनुष्याचे अगदी उलट. आपण वर्षांच्या ओझ्याने वाकतो आणि आपल्या संस्थाही वाकतात. माणसे निवृत्त होतात, कपाटाच्या किल्ल्या हरवतात, नोंदवह्यांना वाळवी लागते. ज्याला काळ शिवत नाही अशी वस्तू, ज्याला काळ क्षणोक्षणी शिवतो अशा मनुष्याच्या मालकीची झाली, म्हणजे त्या मालकीचा अर्थ काय होतो? आमच्या मनातील प्रश्न हाच. तो हवेत राहू नये म्हणून ब्राझीलमधील एका शहराची हकीकत थोडी विस्ताराने सांगतो.

गोयानिया हे ब्राझीलच्या मध्यभागातील मोठे शहर. तेथील एका खासगी किरणोपचार केंद्राने १९८५ च्या सुमारास आपली जागा बदलली आणि जुन्या इमारतीत सीझियम-१३७ चे एक यंत्र मागे राहिले. जागेचा वाद न्यायालयात होता. इमारत अर्धीमुर्धी पाडली गेली, दारेखिडक्या गेल्या, आणि यंत्र तेथेच राहिले. १९८७ च्या सप्टेंबरात दोन तरुण त्या पडक्या इमारतीत शिरले, धातू मिळेल म्हणून त्यांनी यंत्राचा मुख्य भाग काढला, हातगाडीवर घातला आणि पुढे एका भंगारवाल्याला विकला. भंगारवाल्याला रात्री त्यातून निळसर प्रकाश येताना दिसला. त्याला वाटले, काहीतरी मौल्यवान, कदाचित दैवीही, हाती लागले आहे. त्याने आप्तेष्टांना, शेजाऱ्यांना ते पाहावयास बोलाविले आणि तांदळाएवढे कण वाटले. आपल्या पत्नीसाठी त्याची अंगठी करावी असेही त्याच्या मनात आले. कोणी ती चमकणारी भुकटी कार्निव्हलच्या रंगासारखी अंगाला लावली. भावाच्या घरी नेलेल्या भुकटीशी सहा वर्षांची एक मुलगी खेळली आणि त्याच हातांनी जेवली.

घरातील माणसे एकामागून एक आजारी पडू लागली, तेव्हा त्या भंगारवाल्याच्या पत्नीला प्रथम शंका आली. फारशा न शिकलेल्या या स्त्रीने ते अवशेष पिशवीत भरवून सार्वजनिक बसने आरोग्य कार्यालयात नेले आणि हे माझ्या माणसांना मारीत आहे, असे डॉक्टरांना सांगितले. दुसऱ्या दिवशी एका भौतिकशास्त्रज्ञाने तपासणी केली आणि सारा प्रकार उघडकीस आला. एक लाख बारा हजारांहून अधिक लोकांची तपासणी झाली. २४९ जणांच्या शरीरावर अथवा शरीरात किरणोत्सारी द्रव्य आढळले. चौघे दगावले. ती स्त्री आणि ती मुलगी २३ ऑक्टोबर १९८७ या एकाच दिवशी गेली. सीझियम क्लोराइडची ती सारी भुकटी शंभर ग्रॅमदेखील नव्हती.

येथे दोष कोणाचा? आमच्या सेमिनरीतील नीतिशास्त्राच्या वर्गात असा प्रश्न आला असता, तर प्राध्यापकांनी आधी अज्ञानाचे दोन प्रकार करावयास लावले असते: दूर करता येण्याजोगे अज्ञान आणि दूर न करता येण्याजोगे अज्ञान. भंगारवाल्याचे अज्ञान दुसऱ्या प्रकारचे होते. त्याला कळण्याचा कोणताही मार्ग नव्हता. त्या प्रकाशावर 'मी मृत्यू आहे' असे लिहिलेले नव्हते. चोरांनी चोरी केली हे उघडच. पण त्यांच्या माथी चोरीचा दोष मारावयाचा तो मोडीतल्या शिशाच्या किमतीएवढा, चार मृत्यूंएवढा नाही. राहिले ते ज्ञाते लोक. यंत्रात काय आहे ते त्यांना ठाऊक होते. परंतु आमची अडचण अशी, की त्यांतील प्रत्येकाजवळ काही ना काही उत्तर होते. जागेचा वाद न्यायालयात होता, यंत्र हलविणे दुसऱ्याचे काम होते, देखरेख तिसऱ्या खात्याची होती. दर हस्तांतराला जबाबदारी निम्मी होत गेली. सीझियमचे अर्धायुष्य तीस वर्षांचे. जबाबदारीच्या जाणिवेचे तेथे दोन वर्षांचेही नव्हते.

जुन्या नीतिशास्त्रज्ञांनी नुकसानभरपाईच्या प्रकरणात एक कडक नियम सांगून ठेवला आहे. अनेकांनी मिळून एक हानी केली आणि त्यांतील प्रत्येकाचा वाटा हानीला आवश्यक असेल, तर प्रत्येकजण संपूर्ण हानीचा देणेकरी ठरतो; बाकीच्यांनी दिले नाही तर त्याने सगळे द्यावे. विद्यार्थिदशेत हा नियम आम्हांला अन्यायाचा वाटे. दहाजणांनी केलेल्या नुकसानीत माझा दहावा हिस्सा असावा, हे गणिताला धरून आहे. आता वाटते, की कर्तव्य मालमत्तेसारखे वाटून घेता येत नाही, एवढेच त्या शास्त्रज्ञांना सांगावयाचे होते. यंत्राकडे कोणीतरी एकाने पाहिले असते, तरी पुरे झाले असते. म्हणून ज्या ज्याला पाहता येत होते, त्या प्रत्येकाने संपूर्ण पाहिले नाही. मिस्साच्या आरंभी आपण पापकबुली देतो, तीत केलेल्या पापांबरोबर न केलेल्या कर्तव्याचाही उच्चार असतो. इतक्या वर्षांत तो शब्द ओठांवर इतका सरावला आहे, की त्याचे वजन आम्हांलाही जाणवेनासे झाले होते.

या हकीकतीतील एक प्रसंग आमच्या मनातून जात नाही. त्या मुलीला शिशाचे अस्तर लावलेल्या शवपेटीत ठेवले होते. दफनाच्या वेळी दफनभूमीपाशी मोठा जमाव जमला आणि हे प्रेत येथे पुरू नका म्हणून त्याने दगडफेक केली. आम्ही शेकडो दफनविधी केले आहेत. भाऊबंदकीतील भांडणे कबरीच्या काठापर्यंत आलेली पाहिली आहेत. पण सहा वर्षांच्या लेकराच्या पेटीवर दगड, ही कल्पना सहन होत नाही. तरीही त्या जमावाला शाप देण्याचे धैर्य आम्हांला होत नाही. त्यांना खोटे सांगितले गेले नव्हते. वेळेवर काहीच सांगितले गेले नव्हते. पुढे गोयानियाच्या माणसांना इतर शहरांत हॉटेलांनी जागा नाकारली आणि आपण निर्दोष असल्याचा दाखला जवळ बाळगण्याची वेळ हजारोंवर आली. आमच्या मावशींनी वेगळे ठेवलेले ताट आणि तो दगड यांत अंतर पुष्कळ आहे, परंतु दोन्ही एकाच रस्त्यावर आहेत.

हे दूरदेशी घडले, असे म्हणून आपल्याला सुटता येत नाही. दिल्लीच्या विद्यापीठात १९६८ साली रसायनशास्त्राच्या प्रयोगांसाठी कोबाल्ट-६० चे एक यंत्र आणले गेले. १९८५ नंतर ते वापरात नव्हते. २०१० च्या फेब्रुवारीत ते भंगार म्हणून लिलावात विकले गेले आणि मायापुरीच्या भंगारबाजारात कामगारांनी ते हातांनी फोडले. अनेकजण आजारी पडले आणि त्यांतील एक तरुण कामगार एप्रिलमध्ये मरण पावला. कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य सव्वापाच वर्षांचे. बेचाळीस वर्षांत ते आठ वेळा निम्मे झाले. म्हणजे १९६८ सालच्या कोबाल्टचा सुमारे दोनशे छप्पन्नावा भाग उरला होता. तेवढा एका माणसाला पुरला. आणि पुन्हा भंगारवालाच! लेखी नोंदी, लिलावाचे कागद, समितीचे ठराव हे सारे वरच्या मजल्यावर. शेवटी हात मात्र त्याचे, ज्याला कोणी काही सांगितले नाही.

मग ही द्रव्ये टाकून द्यावीत काय? तसे म्हणणारे लोक आम्हांला भेटतात आणि त्यांच्या म्हणण्यात आम्हांला थोडी सुखवस्तू बेफिकिरी दिसते. त्या भगिनीचे प्राण आयोडीनने वाचले. गरीब रुग्णांवर किरणोपचार करणारी कोबाल्टची यंत्रे देशात आजही चालू आहेत. तुर्भ्याच्या केंद्रात १९७४ पासून शस्त्रक्रियेची साधने गॅमा किरणांनी निर्जंतुक केली जातात. नाशिक जिल्ह्यातील लासलगावच्या केंद्रात कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून त्याला किरण देण्याची सोय आहे, आणि २००७ साली आपला आंबा अमेरिकेच्या बाजारात पुन्हा गेला तो तेथूनच किरण घेऊन. किरण दिलेला कांदा किंवा आंबा स्वतः किरणोत्सारी होत नाही, हे सांगून सांगून तेथील शास्त्रज्ञ थकले असतील. याहून बोलके उदाहरण सीझियमचेच. अणुभट्टीच्या टाकाऊ द्रव्यातून ते वेगळे काढून तुर्भ्याला त्याच्या काचकांड्या केल्या जातात आणि रक्तपेढ्यांत रक्तावर प्रक्रिया करण्यासाठी त्या वापरल्या जातात. गोयानियातील भुकटी पाण्यात विरघळणारी होती, वाटता येत होती, अंगाला लावता येत होती. काचेत बांधलेले सीझियम तसे पसरत नाही. भंगारवाल्याला कोणी सांगावयास राहिले नाही, तरी वस्तूच त्याचे थोडेफार रक्षण करील, अशी ही योजना आहे. हिच्यामागे आम्हांला बुद्धीइतकेच औदार्य दिसते.

परंतु काचदेखील सगळे करीत नाही. गोयानियातील दूषित माती, घरांचे अवशेष, कपडे, खेळणी हे सारे शहराबाहेर आबादिया द गोयास येथे काँक्रीटमध्ये बंद करून ठेवले आहे. सीझियमची दहा अर्धायुष्ये म्हणजे तीनशे वर्षे त्यावर लक्ष ठेवावे लागेल. चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला घेतला १७३९ साली. त्याला अद्याप तीनशे वर्षे झालेली नाहीत. त्या काळची राज्ये गेली, नाणी गेली, किल्ल्यात चर्चच्या भिंती उरल्या त्यांवर छप्पर नाही. एवढा काळ एखाद्या कार्यालयाने एक दार बंद ठेवावे आणि ते का बंद आहे तेही लक्षात ठेवावे, अशी ही अपेक्षा. धोक्याची खूण म्हणून वापरले जाणारे तीन पात्यांचे चिन्ह सामान्य माणसाला कळत नाही, हे ध्यानात आल्यावर २००७ साली एक नवे चिन्ह मुक्रर झाले. त्यात कवटी आहे आणि पळणारा मनुष्य आहे. आणखी दोनशे वर्षांनी कवटीचा अर्थ हाच राहील, अशी आशा करावयाची.

यंदाच्या उन्हाळ्यात चर्चची माडी साफ करीत असताना सेवकाला पत्र्याच्या डब्यात पेट्रोमॅक्सच्या बत्तीची जुनी मॅन्टल सापडली. वीज येण्यापूर्वी आणि नंतरही कित्येक वर्षे सणाच्या मिरवणुकीत त्या बत्त्या लागत असत. अशा मॅन्टलमध्ये थोरियम वापरले जाई. त्याचे अर्धायुष्य सुमारे १,४०० कोटी वर्षांचे आहे आणि इतक्या सावकाश ऱ्हास पावणाऱ्या द्रव्याचे किरणही तितकेच मंद असतात. तेव्हा घाबरण्यासारखे काही नव्हते. "फादर, भंगारवाला उद्या येणार आहे, डब्यासकट देऊन टाकू?" असे सेवकाने विचारले. आम्ही नको म्हणालो. मॅन्टल हातांनी चुरडू नये, त्याची धूळ श्वासात जाऊ देऊ नये, एवढे त्याला सांगितले, डबा कापडात गुंडाळला आणि त्यावर काय आहे ते मराठीत लिहून चिकटविले.

पुढील वर्षी आमची येथून बदली होईल. नवीन धर्मगुरूंना किल्ल्या, हिशेबाची पुस्तके, बाप्तिस्म्याच्या आणि मृत्यूच्या नोंदवह्या सोपवाव्या लागतात. त्याची एक छापील यादी असते. त्या यादीच्या तळाशी आम्ही डब्याची ओळ हाताने वाढविली आहे. नवे फादर ती वाचून हसतील, असे सेवकाला वाटते. हसू देत, पण वाचोत.